सेल्युलाइटवरील इंजेक्शन उपचार

मांड्या आणि नितंबांच्या त्वचेवर पडणारे खळगे, म्हणजेच सेल्युलाइट, कमी करण्यासाठी त्वचेखाली औषध टोचण्याच्या निरनिराळ्या पद्धती. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के जणींना कमी-अधिक प्रमाणात सेल्युलाइट असते, सडपातळ स्त्रियाही त्याला अपवाद नाहीत. त्यामुळे याला आजार म्हणणे कठीण. सेल्युलायटिस हा जिवाणूंमुळे होणारा त्वचेचा संसर्ग मात्र पूर्णपणे वेगळा, आणि त्याला तातडीने औषध लागते.

खळगा पडतो तो निव्वळ चरबी वाढल्यामुळे नव्हे. त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवणारे कोलॅजेन या प्रथिनाचे तंतुमय पट्टे असतात. कापसाच्या गादीला टाके घातले की टाक्यापाशी खोलगट आणि मधे फुगीर दिसते, तसेच इथे होते. न्यूर्नबर्गर आणि म्युलर या संशोधकांनी १९७८ साली दाखवले की स्त्रियांमध्ये हे पट्टे बहुतांशी त्वचेला काटकोनात असतात, तर पुरुषांमध्ये तिरपे, एकमेकांना छेदणारे. पुरुषांत सेल्युलाइट क्वचित दिसते त्याचे हे एक कारण.

हे लक्षात घेतले की चरबी ‘विरघळवणाऱ्या’ इंजेक्शनांचा नेम कुठे चुकतो ते कळते. मिशेल पिस्टोर या फ्रेंच डॉक्टरांनी १९५२ मध्ये मेसोथेरपी, म्हणजे त्वचेत थोडे थोडे औषध टोचण्याची पद्धत, सुरू केली, ती वेदनेवर उपाय म्हणून. सौंदर्योपचारात ती पुढे आली आणि फॉस्फॅटिडिलकोलीन, डिऑक्सिकोलेट अशी मिश्रणे टोचली जाऊ लागली. अशा इंजेक्शनांनी चरबी वितळते असे दावे करणाऱ्या काही स्पांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१० मध्ये इशारापत्रे धाडली. डिऑक्सिकोलिक आम्लाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली खरी, पण हनुवटीखालच्या चरबीसाठी.

थेट पट्ट्यांवर काम करणारे औषध म्हणजे कोलॅजिनेज. क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून मिळणारे हे विकर (एन्झाइम) कोलॅजेन तोडते. ‘क्वो’ या नावाने त्याला जुलै २०२० मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, प्रौढ स्त्रियांच्या नितंबांवरील मध्यम ते तीव्र सेल्युलाइटसाठी. सेल्युलाइटसाठी एफडीएने मान्य केलेले हे पहिलेच इंजेक्शन.

आडवे झाल्यावर खळगे दिसेनासे होतात, म्हणून क्वो देताना रुग्णाला उभे करून आधी त्यांवर खुणा केल्या जात. मग पालथे झोपवून प्रत्येक खुणेवर ०.३ मिलिलिटर औषध टोचत, तेही एकदम नाही: सुई सरळ खाली घालून ०.१, मग डोक्याच्या बाजूला तिरकी करून ०.१ आणि पायांच्या बाजूला ०.१. एका नितंबावर अशी १२ इंजेक्शने, आणि २१ दिवसांच्या अंतराने तीन खेपा.

परिणाम जाहिरातीत दिसे तेवढा मोठा नव्हता. एकूण ८४३ स्त्रियांवर झालेल्या दोन चाचण्यांत डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मते सेल्युलाइटच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर दोन पायऱ्यांची सुधारणा झाली ती ७.६ आणि ५.६ टक्के जणींमध्ये. बिनऔषधी इंजेक्शन घेतलेल्यांत हेच प्रमाण १.९ आणि ०.५ टक्के होते. एका पायरीची सुधारणा याहून बऱ्याच जास्त जणींत दिसली. मात्र टोचल्याजागी काळेनिळे पडण्याचे प्रमाण सुमारे ८४ टक्के. हा काळेनिळेपणा बहुतेकदा ओसरे, पण काहींच्या त्वचेवर तपकिरी डाग बराच काळ राहिले. हेच औषध तळहाताच्या एका दुखण्यावरही टोचतात, तिथे असे डाग आले असते तर कुणी फारसे मनावर घेतले नसते. इथे मात्र उपचारच दिसण्यासाठी होता. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ते बनवणाऱ्या एंडो कंपनीने काळेनिळे पडणे आणि रेंगाळणारे डाग यांचे कारण देत क्वोचे उत्पादन व विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले.

त्वचेत नवे कोलॅजेन तयार व्हावे म्हणून पॉली-एल-लॅक्टिक आम्ल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट हे फिलर, म्हणजे त्वचेखाली भर घालणारे पदार्थ, पातळ करून टोचण्याची पद्धतही काही त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. कातडी सैल पडल्याने दिसणाऱ्या खळग्यांत त्यांचा जास्त उपयोग होतो, ओढून धरणारा पट्टा त्यांनी तुटत नाही. पट्टा तोडायचा तर त्वचेखाली सुई फिरवून तो कापण्याची ‘सबसिजन’ ही पद्धत आहे. कोलॅजिनेज मात्र ‘झायाफ्लेक्स’ या नावाने २०१० पासून ड्युप्युट्रेन विकारात, म्हणजे तळहातातला पट्टा आखडून बोटे वाकतात त्या दुखण्यात, वापरात आहे.