वीज आहे, पण यंत्राला मानवेल अशी आहे का?

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी मोहल्ल्यातले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज डाऊन होतं आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर खटखट करू लागतो. आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (वेटोळ्याची जोडणी) बदलतो, त्याचा तो आवाज. कोराडीचं वीज केंद्र शहराला लागून असूनही ही वेळ येते, कारण वीज तयार होणं वेगळं आणि ती यंत्राला मानवेल अशा रूपात पोचणं वेगळं. या दुसऱ्या कामाचं आपल्याकडे फारसं कौतुक होत नाही. उपग्रहाचं आयुष्य मात्र त्यावरच टिकून असतं.

नागपूरच्या बर्डीवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चार्जर उघडलेला दिसला, तर जरा वाकून बघा. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज आधी डायोडमधून जाऊन सुमारे ३२५ व्होल्टची डीसी होते. मग एक इवलासा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, ती सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा चालू-बंद करतो आणि पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला फेराइटचा ट्रान्सफॉर्मर तिला ५ व्होल्टपर्यंत उतरवतो. एका हौदातलं पाणी सेकंदाला ५० खेपांत दुसऱ्या हौदात न्यायचं तर बादली मोठी लागते. लाख खेपा करायच्या तर वाटीही पुरते. म्हणून हा ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा. शेजारी चार पायांचा ऑप्टोकपलर असतो. व्होल्टेज वर-खाली झाल्याचा निरोप तो प्रकाशाने मागे पोचवतो, त्यामुळे भिंतीतली वीज आणि आपला फोन यांच्यात तारेचा थेट संबंध राहत नाही. इतक्या स्वस्त डबीत एवढं बसवलंय, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

अंतराळयानात ग्रॅमाग्रॅमचा हिशोब असतो, त्यामुळे तिथेही हेच तंत्र. पण अडचणी वेगळ्या. आपल्या गच्चीवरचं सोलर पॅनल उन्हाळ्यात ६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५ अंशांच्या मानाने १२ ते १६ टक्के कमी वीज देतं. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हा समज नागपूरकरांनी तरी सोडायला हवा. याची उलटी बाजू उपग्रहाला भोगावी लागते. भूस्थिर उपग्रह विषुवदिनाच्या आसपास रोज पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तेवढ्यात पॅनल उणे १०० अंशांच्याही खाली गारठतं. सिलिकॉनच्या सेलचं व्होल्टेज तापमान एक अंशाने उतरलं की सुमारे २ मिलीव्होल्टने चढतं. त्यामुळे बाहेर पडताच, पहिल्या उन्हात, पॅनल नेहमीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतं. ते थेट उपकरणांपर्यंत गेलं तर ती जळतील. मधला रेग्युलेटर ते अडवतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही पॅनलकडची सुमारे १६० व्होल्टची वीज कन्व्हर्टरमधून, म्हणजे व्होल्टेज बदलणाऱ्या यंत्रणेतून, १२४.५ व्होल्टवर आणूनच वापरतात.

त्यात निर्वात. कन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम असला तरी १०० वॉटमागे १० वॉट उष्णता होतेच. पंखा लावून उपयोग नाही, कारण हवाच नाही. ही उष्णता धातूच्या पाट्यांतून यानाच्या अंगापर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणाने बाहेर टाकायची. शिवाय विश्वकिरणांतला एखादा जड कण बंद असलेल्या मॉसफेटमधून आरपार गेला, तर तो मॉसफेट क्षणात शॉर्ट होऊ शकतो. म्हणून तो जेवढं व्होल्टेज सोसतो, त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवर वापरतात. वरवर उधळपट्टी वाटते, पण तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

१९७७ साली निघालेल्या नासाच्या व्हॉयेजर २ यानामध्ये प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज होते आणि ती दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते. व्होल्टेज डगमगलं तर सावरायला रेग्युलेटरसाठी थोडी वीज राखून ठेवलेली होती. २०२३ मध्ये नासाच्या अभियंत्यांनी ती राखीव वीज उपकरणांकडे वळवली, म्हणजे ते संरक्षण सोडून दिलं. इतक्या वर्षांत व्होल्टेज स्थिर राहिलं होतं, त्या भरवशावर घेतलेला हा निर्णय. त्यामुळे पाचही वैज्ञानिक उपकरणं चालू राहिली. त्यातलं प्लाझ्मा मोजणारं उपकरण पुढे २०२४ मध्ये बंद करावं लागलं.