लक्षद्वीपची जहाज सहल : परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

भुसावळ-जळगावच्या लोकांना 'मंगला' रोजची ओळखीची. पूर्ण नाव मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. नावातच लक्षद्वीप असल्यामुळे पुष्कळांची समजूत होते की तिकीट काढलं, गाडीत बसलं की झालं. गाडी एर्नाकुलमला संपते. पुढे कोचीच्या विलिंग्डन बेटावरून जहाज धरावं लागतं, आणि हातात प्रवेश परवाना असल्याशिवाय त्या जहाजावर कुणी चढू देत नाही.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा ही रोजची कामं. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि त्यानंतर त्या बेटांची चौकशी करणारे माझ्याकडेही येऊ लागले. निवृत्त शिक्षक, कापसाचे व्यापारी, पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला निघालेली जोडपी. त्यातल्या बऱ्याच जणांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत. पैशाअभावी एकही परत आला नव्हता, सगळे कागदापायी आले होते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी परवाना का लागतो ते पाहू, कारण तिथूनच लोकांचा राग सुरू होतो. "आपल्याच देशात जायला परवानगी कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत साऱ्या लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती. आपल्या एकट्या अमळनेर शहराची वस्ती त्याहून जास्त आहे. त्यातही जवळपास ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे. गोडं पाणी थोडं, जमीन थोडी. बाहेरची माणसं लोंढ्याने आली तर तिथल्यांना राहणं अवघड होईल, म्हणून १९६७ सालच्या नियमांनी प्रवेशावर बंधन घातलं. नियम योग्य आहे. माझी तक्रार आहे ती तो नीट समजावून सांगणारा कुणी भेटत नाही याबद्दल.

बहुतेकांना हवी असते ती समुद्रम नावाची जहाज सहल. ती तिथल्या प्रशासनाची 'स्पोर्ट्स' ही पर्यटन संस्था चालवते. पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं होतात. रात्री जहाजावर झोपायचं, दिवसा छोट्या बोटीने बेटावर उतरायचं, वाटाड्यासोबत फिरायचं, दुपारचं जेवण किनाऱ्यावर, संध्याकाळी परत जहाजावर. बेटावर मुक्काम नाही म्हणजे परवाना लागत नाही, असं काही जण धरून चालतात. तसं नाही. एका दिवसासाठी पाय ठेवायचा असला तरी परवाना लागतो.

वय, शिक्षण, उत्पन्न अशी कुठलीही पात्रता नाही. भारतीय नागरिक असलात आणि पोलिसांकडे तुमच्याविरुद्ध काही नसलं की झालं. बेटांवरचे मूळ रहिवासी आणि तिथे कर्तव्यावर असलेले सरकारी नोकर व सैनिक यांना सूट आहे. इथे आपले शिक्षक आणि ग्रामसेवक हमखास फसतात. "माझ्याकडे शासनाचं ओळखपत्र आहे, मला कशाला परवाना?" असं म्हणून अर्जच करत नाहीत. तुम्ही सुटी घेऊन फिरायला निघाला आहात, कर्तव्यावर नाही. इतरांसारखाच अर्ज करा. निवृत्तांनीही तेच करावं. मुलगा-सून परदेशी पासपोर्टवाले असतील तर त्यांचे नियम आणि बेटं वेगळी आहेत. सगळं कुटुंब एकाच अर्जात बसेल असं गृहीत धरून बुकिंग करू नका.

आता खरी अडचण. अर्जाला ओळखपत्राची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागतं. पहिल्या दोन गोष्टी घरोघरी असतात, तिसरी कुणाकडेच नसते. पॅकेज घेतलं तरी ते आपल्यालाच काढावं लागतं. एजंट कोचीचा असो की मुंबईचा, तुमच्या पोलीस ठाण्यात तुमच्या वतीने तो जाऊ शकत नाही.

नाव ऐकूनच माणसं बिचकतात. एक आजी माझ्यासमोर खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात आधार कार्ड ठेवलेली दुधाची रिकामी पिशवी. पोलीस ठाण्यात जावं लागेल म्हटल्यावर त्यांनी ती पिशवी घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मी काय चोर शे का रे भाऊ?" त्यांना समजवायला अर्धा तास गेला. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे घरीच नीट सांगावं. त्या वयाच्या माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढणं हे फार मोठं वाटतं. हवालदारसाहेब चांगले असले तर पाच मिनिटांत काम होतं. नसले तर दोन तास बाकावर बसवतात, आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. नातवाने सोबत जावं.

प्रक्रिया तशी सोपी आहे. अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायचा. तो तुमच्या हद्दीच्या ठाण्यात पडताळणीला जातो, तिथे मूळ कागद घेऊन हजर राहायचं, आणि मग जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्र निघतं. चुका होतात त्या चार ठिकाणी.

पहिली चूक म्हणजे भलतंच प्रमाणपत्र काढणं. पासपोर्ट सेवा केंद्रातूनही याच नावाचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते परदेशात नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असतं. धुळ्याच्या एका गृहस्थांनी त्यासाठी नाशिकला हेलपाटा घातला, आणि तिथे कळलं की हे आपल्या कामाचं नाही. गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, सरपंचाचा रहिवासी दाखला, महाविद्यालयाचं चारित्र्य प्रमाणपत्र यांतलंही काही चालत नाही.

दुसरी चूक पत्त्याची, आणि ती आपल्या खान्देशाची खास आहे. घर शिरपूर-शहाद्याकडे, कामधंदा सुरतला. आधारवर गावचा पत्ता, राहणं उधना-लिंबायतला. गावचे पोलीस म्हणतात, हा इथे राहत नाही. सुरतचे म्हणतात, पत्ता महाराष्ट्राचा आहे. माणूस मधल्यामध्ये लोंबकळतो. यावर एकच उपाय आहे. अर्ज करण्याच्या निदान दोन महिने आधी ठरवा की पत्ता कुठला दाखवायचा, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा आणि प्रमाणपत्र त्याच जिल्ह्यातून काढा. आधार एका पत्त्याचं आणि प्रमाणपत्र दुसऱ्या पत्त्याचं जोडून पाठवलेले अर्ज माझ्या डोळ्यांदेखत परत आलेत.

तिसरी चूक नावाची. आधारवर चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए', पॅनवर 'ओ'. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. बायकांचं तर विचारूच नका, लग्नानंतर बँकेत नाव बदललं, मतदार यादीत माहेरचंच राहिलं. घरात 'भाऊसाहेब' म्हणतात म्हणून शाळेच्या दाखल्यातही भाऊसाहेब आणि आधारवर मूळ नाव, असेही मी पाहिलेत. कवरत्तीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला आपल्याकडची ही रीत कशी ठाऊक असणार? त्याला दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. म्हणून सगळीकडे एकच ओळखपत्र वापरा. प्रमाणपत्र, परवाना, जहाजाचं तिकीट, सगळ्यांवर अक्षर न् अक्षर त्या ओळखपत्राप्रमाणे.

चौथी चूक भाषेची. प्रमाणपत्र मराठीत मिळालं तर मल्याळी अधिकाऱ्याला ते वाचता येणार नाही. इंग्रजीत मागा. अर्ज भरतानाच इंग्रजी नाव तपासा, नंतर दुरुस्तीला पुन्हा तोच सगळा फेरा. प्रवासाचा उद्देश विचारला तर 'पर्यटन, लक्षद्वीप' असं स्पष्ट लिहा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर मूळ अर्ज म्हणजे तासाभराचं काम. प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर नोंदणी करायची, कागद चढवायचे, शुल्क भरायचं. अर्ज शुल्क माणशी ५० रुपये, त्याशिवाय वारसा शुल्क १८ वर्षांवरच्यांना २०० आणि १२ ते १८ वयाच्या मुलांना १००. भरण्यापूर्वी संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा आकडा पाहून घ्या. पॅकेज घेतलं असेल तर ही पायरी बहुधा संस्था किंवा तिचा अधिकृत एजंटच करतो. अधिकृत एजंटच गाठा. सोशल मीडियावर निम्म्या भावात लक्षद्वीप विकणाऱ्या एका माणसाला आमच्या गावच्या चार कुटुंबांनी आगाऊ पैसे दिले होते. तो फोन आता लागत नाही.

अर्जात बेटांची नावं विचारतात, तिथे घाई करू नका. ज्या ज्या बेटावर उतरणार, त्या प्रत्येकाचं नाव हवं. विमानाने जाणारे फक्त अगत्ती लिहितात, कारण विमानतळ तिथेच आहे, आणि मग बोटीने बंगारमला दिवसाची फेरी मारायची म्हटलं की नाव नसल्याने अडतात.

तारखांचा गोंधळ त्याहून मोठा. पॅकेजवर जी तारीख असते ती जहाज कोचीहून सुटण्याची. लोक ती पोचण्याची समजतात आणि त्याच सकाळी एर्नाकुलमला उतरणाऱ्या गाडीचं आरक्षण करतात. जळगावहून मंगलेला साधारण दीड दिवस लागतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालतं, त्यात गाडी आणखी हळू. जहाज सुटण्याच्या काही तास आधी विलिंग्डन बेटावरच्या तपासणी केंद्रात हजर राहावं लागतं. तेव्हा निदान एक दिवस आधी कोचीला पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि त्या जहाजाचा परवाना पुढच्या जहाजाला आपोआप लागू होत नाही.

परवान्याची मुदत मागतानाही जाण्या-येण्याचे दिवस धरा. कोचीपासून ही बेटं २२० ते ४४० किलोमीटरवर आहेत आणि जहाजाला १४ ते १८ तास लागतात. फक्त बेटावरचे दिवस लिहिणाऱ्यांना परतीच्या दिवशी अडचण येते. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांच्या जहाज सहली बंद असतात. म्हणजे शाळेच्या उन्हाळी सुटीतले मोजकेच दिवस हाती लागतात आणि दिवाळीला गर्दी उसळते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पोलिसांच्या प्रमाणपत्राला त्याच्याही आधी हात घाला. दिवाळीत जायचं तर पोळ्यापूर्वी अर्ज टाकलेला असावा, असं मी सगळ्यांना सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही अर्जात विचारत नाहीत पण विचारायला हवी : गुडघे. मोठं जहाज बऱ्याचदा खाजणाबाहेर, खोल पाण्यात उभं राहतं, कारण प्रवाळाच्या कड्यामुळे आत येता येत नाही. जहाजाच्या बाजूचं दार उघडतं आणि खाली छोटी बोट लाटेवर वर-खाली होत असते. बोट वर आली की खलाशी दोन्ही दंड धरतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. मी स्वतः ते पाऊल टाकताना माझा एक हात खिशातल्या ओळखपत्रावर होता, आणि खलाशाने तो झटक्यात ओढून आपल्या हातात घेतला. दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून मूळ ओळखपत्र आणि परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंबरेच्या पाऊचमध्ये ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नेऊ नका.

बेटावर पोचल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला दाखवायचा असतो. गटाने गेलात तर गटप्रमुख सगळ्यांचे एकत्र दाखवतो, तरी तुमची प्रत तुमच्याकडे असू द्या. दारू फक्त बंगारमला चालते, बाकी सगळीकडे बंदी आहे, सामानात ठेवूच नका. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, मेलेला, वाळूत पडलेला असला तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे.

परवाना आला की ताबडतोब छापून घ्या आणि शेजारी आधार ठेवून वाचा. आधी प्रत्येकाचं नाव, मग तिन्ही बेटांची नावं, मग तारखा. त्या आजींच्या परवान्यात त्यांचं नाव बरोबर होतं, फक्त आजोबांच्या नावात एक अक्षर कमी होतं. निघायला अकरा दिवस होते, म्हणून दुरुस्त होऊन आलं. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि पाठवलेल्या मेलची प्रतही त्याच पाऊचमध्ये ठेवा.