व्होल्टेज तेच, पण चिमटा भलतीकडेच: हिस्टेरेसिस की क्रीप?

पिएझोचा (म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांबणाऱ्या सिरॅमिकचा) मायक्रोग्रिपर, अतिसूक्ष्म वस्तू पकडायचा चिमटा, चालवणारा प्रत्येक जण कधीतरी वैतागतो की अरे व्होल्टेज तर तेच दिलंय मग जबडे दुसरीकडेच कसे, आणि सगळं खापर हिस्टेरेसिसवर फोडून मोकळा होतो. कित्येकदा तो बिचारा क्रीप असतो.

हिस्टेरेसिसमध्ये प्रश्न असतो की तुम्ही त्या व्होल्टेजला आलात कुठून. समजा पीझेडटीचा (याच पिएझो सिरॅमिकचा) स्टॅक, म्हणजे चकत्यांची चळत, १०० व्होल्टला १० मायक्रॉन लांबतो, तर चढताना ५० व्होल्टला तो ४.५ वर असेल आणि उतरताना त्याच ५० ला ५.७ वर. सिरॅमिकमधले डोमेन (एकाच दिशेने ध्रुवीकरण असलेले बारीक भाग) ज्या वाटेने वळतात त्या वाटेने परत येत नाहीत, म्हणून १०-१५ टक्क्यांचा हा घोळ.

क्रीपमध्ये तुम्ही नॉबला हातही लावत नाही तरी स्टॅक सरकत राहतो. ओले कपडे टाकले की दोरी लगेच झुकते आणि मग दुपारभर हळूहळू अजून झुकते ना, तसंच. ०.१ ते १ सेकंदात जेवढा सरकला साधारण तेवढाच १ ते १० मध्ये, मग १० ते १०० मध्ये, दर टप्प्याला हालचालीच्या १-२ टक्के.

एवढंच ना, असं मलाही वाटायचं. एकदा ४० मायक्रॉनचा मऊ जेलचा मणी पकडून चहाला गेलो, दहा मिनिटांनी परत येऊन मायक्रोस्कोपमध्ये बघतो तर मण्याची पोळी! स्टॅक सरकला असेल जेमतेम अर्धा मायक्रॉन, पण फ्लेक्शरने (स्टॅकची हालचाल वाढवून जबड्यांना देणाऱ्या लवचिक सांध्याने) हालचाल दहापट केली की ही चूकपण दहापट होते, हे कोण लक्षात ठेवतं.

ओळखायचं असेल तर व्होल्टेज गोठवून नुसतं बघत बसा, सरकतंय तर क्रीप (आधी एसीचा झोत बंद करा, नाहीतर तापमानालाच क्रीप समजाल). व्होल्टेज भराभर वर-खाली करून आलेखात लूप दिसला, म्हणजे चढती-उतरती वाट वेगळी निघाली, तर हिस्टेरेसिस.

प्रांट्ल-इश्लिंस्की हे हिस्टेरेसिसचं गणिती मॉडेल उलटं लावलं, म्हणजे हव्या जागेवरून व्होल्टेज काढलं, की हिस्टेरेसिस बराच आवरतो, पण लांब होल्डवर क्रीप तसाच राहतो. स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) लावून क्लोज्ड लूप केला, म्हणजे मोजून व्होल्टेज आपोआप सुधारत ठेवलं, तर दोघंही वठणीवर येतात, फक्त गेज स्टॅकवर नको, जबड्याच्या हातावर चिकटवा, स्टॅकला पुढे काय चाललंय ते कळत नाही.

आणि हवेत काम करताना चिमटा नीट उघडूनही मणी दाताला चिकटूनच बसला तर या दोघांना शिव्या देऊ नका, एवढ्या लहान मण्याला स्वतःच्या वजनापेक्षा व्हॅन डर वाल्सची (रेणूंमधल्या आकर्षणाची) ओढ जास्त असते.