पंक गायकाचा सूर यंत्रानं आणला?

‘पंकवाल्यांना (पंक म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक संगीत) गाता येत नाही; त्यांचं एखादं पॉप द्वंद्वगीत गाजलं तर ती ऑटोट्यूनची (आवाजाचा सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची) करामत’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पंकमध्ये आधी ओरडच कानावर येते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

आधी सालं पाहा. पंक १९७६-७७ च्या सुमारास गाजू लागलं, ऑटोट्यून आलं १९९७ मध्ये. त्याआधी टेपवर तेच गाणं अनेकदा रेकॉर्ड करून चांगले तुकडे जोडत.

शिवाय खरखर म्हणजे बेसूर नव्हे. ओरडताना स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरतात, पण मूळ स्वर जागेवर असू शकतो. तोच गायक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) माइकपासून ५-१० सेंमीवर हळू गायला की खर्ज फुगतो, आवाज मऊ लागतो. निम्मी जादू इथेच! द्वंद्वगीतात खरी डोकेदुखी पट्टीची: एकाला सोयीची ती दुसऱ्याला फार खाली पडते, म्हणून कधी कडव्यात पट्टीच बदलतात.

पडताळायचं तर हेडफोन लावून लांबवलेला स्वर ऐका. कडक ऑटोट्यूनमध्ये तो पायरीसारखा उडी मारतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं) पुसली जाते. हलकी दुरुस्ती मात्र कानाला कळत नाही. तेव्हा त्याच गायकाचं १९९७ पूर्वीचं, नुसत्या गिटारवरचं थेट रेकॉर्डिंग शोधा.