संध्याकाळचा भोंगा (मोहित्यांचे वडगाव)

मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं साधारण तीन हजार वस्तीचं गाव, बहुतेक लोक शेतकरी नाहीतर साखर कारखान्यात कामाला. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, मग ८:३० ला परत भोंगा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. हा नियम २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावच्या बैठकीत ठरला, तेव्हा सरपंच होते विजय मोहिते.

याची सुरुवात कोरोनात झाली. २०२० ला शाळा बंद पडल्या आणि फोन हीच शाळा झाली, त्यामुळे ज्या आईबापांनी आधी पोरांच्या हातात मोबाईल दिला नसता त्यांनीच तो घेऊन दिला, आणि शाळा उघडल्या तरी फोन काही हातातून सुटला नाही. पोरं वर्गात बसायची पण लक्ष लागायचं नाही, ही शिक्षकांची तक्रार. गावातल्या पुरुषांनी आधी ही कल्पना हसण्यावारी नेली. मग बायकांची बैठक झाली, त्यांनी मात्र सरळ कबूल केलं की आम्हीपण सिरियल जास्तच बघतो, आणि तिथून गाडी पुढे सरकली. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं घरोघरी फिरून टीव्ही बंद करा म्हणून सांगायची.

दीड तासाने काय होतं असं बरेच जण विचारतात. ४७ गुणिले ८ करणारं पोर घ्या. आठ साती छप्पन्न, सहा लिहिले, हातचे पाच, आणि तेवढ्यात शेजारी फोन टिंग करतो. मेसेज दोन सेकंदाचा, बघून पोर वहीकडे वळतं, आठ चोक बत्तीस म्हणतं आणि बत्तीसच लिहितं. उत्तर ३७६ च्या जागी ३२६. वेळ दोनच सेकंद गेला पण हातचा गेला. मोठ्यांचंही हेच होतं, फक्त आपली वही कोणी तपासत नाही. लांब लेख वाचताना, हिशेब जुळवताना, कोणाचं दुखणं ऐकताना डोक्यात काहीतरी हातचं धरून ठेवावं लागतं, आणि दर पाच मिनिटाला लक्ष तुटणाऱ्या माणसाला वरवरचंच जमतं, खोलात जाताच येत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच उलट बाजूने दाखवलं, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं तर मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो.

यात सगळा दोष माणसाच्या मनोनिग्रहाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. पुस्तकाचं पान संपतं, पेपर संपतो, पण फोनमधलं फीड संपतच नाही, स्क्रोल करत राहिलं की खाली नवीन येतच राहतं. ही इन्फिनिट स्क्रोलची रचना एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जिथे शेवटच नाही तिथे थांबायचं कुठे हे बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं, वडगावात ते काम भोंगा करतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजतो. एकट्याने फोन ठेवला तर ग्रुपवर काय चाललंय याची रुखरुख लागते, पण अख्ख्या गावाचे फोन बंद असतील तर ग्रुपवर चालणार काय!

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने वेगळा मार्ग धरला, १८ वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीच केली. हेतू चांगलाच आहे, पण बाप ओसरीवर रील बघत बसलाय आणि पोराला मात्र बंदी, हे कितपत टिकणार? वडगावची पद्धत मला जास्त पटते ती यासाठीच की तिथे आईचा टीव्हीपण बंद होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही सांगलीकडचं बघून असाच भोंगा सुरू केला, तिथे वेळ संध्याकाळी ७ ते ९.