जुन्या कॉम्प्युटरचा बायॉस अपडेट करण्याआधी

‘बायॉस अपडेट केला की मशीन पळायला लागेल’ या आशेने बरेच ग्राहक जुना पीसी आमच्याकडे घेऊन येतात. तसं होत नाही. बायॉस हा मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये बसलेला प्रोग्राम. बटण दाबलं की सगळ्यांत आधी तो जागा होतो, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तपासतो आणि मशीन विंडोज किंवा लिनक्सच्या ताब्यात देतो. (गेल्या दशकभरातल्या मशीनमध्ये खरं तर यूईएफआय हा बायॉसचा नवा अवतार असतो, पण बोलताना सगळे बायॉसच म्हणतात.) वेग हवा असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक लगेच दिसेल. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. या दोन्ही कामांना बायॉसला हात लावायची गरज नाही.

अपडेट करावा तो ठोस कारण असेल तेव्हाच. त्याच बोर्डावर नंतरच्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा आहे, विंडोज ११ साठी लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) नीट चालत नाही, किंवा बोर्डाच्या कंपनीने सुरक्षेची एखादी त्रुटी दुरुस्त केली आहे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा अनेक जुन्या बोर्डांना असे अपडेट आले. ते आले नाहीत तरी विंडोज आणि लिनक्स काही प्रोसेसरांसाठी दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) सुरू होतानाच चढवतात, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका.

खरी जोखीम फाइल निवडण्यात आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ (इंग्रजीत msinfo32) टाइप करा. बोर्डाचं नाव, बायॉसची आवृत्ती आणि तारीख दिसेल. तेवढ्यावर थांबू नका. एकाच नावाच्या बोर्डाचे रिव्हिजन १.० आणि २.० असे प्रकार असतात आणि त्यांच्या फाइली वेगळ्या असू शकतात. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, कॅबिनेट उघडून बघावं लागतं. डेल, एचपी, लेनोवोसारख्या तयार मशीनची फाइल त्या त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावी. ‘सगळं आपोआप अपडेट करतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका.

फाइलसोबतची माहितीही वाचा. कधी आधी मधली आवृत्ती टाकावी लागते, कधी अपडेटनंतर मागे येता येत नाही. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम४ खाचेच्या बोर्डांचं उदाहरण घ्या: काहींच्या चिपमध्ये जागा पुरेना, म्हणून नव्या प्रोसेसरांना सामावून घेताना काही जुन्यांचा सपोर्ट काढून टाकावा लागला. जुना प्रोसेसर लावूनच असा अपडेट केला, तर मशीन सुरूच होणार नाही.

आता तयारी. डेटाचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा; नाहीतर पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज तीच मागत बसेल. बायॉसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण अपडेटनंतर सेटिंग बहुधा मूळ पदावर जातात. त्यातली डिस्क चालवण्याच्या पद्धतीची सेटिंग, म्हणजे एएचसीआय की रेड, आणि मशीन सुरू होण्याची (बूट) पद्धत, म्हणजे जुनी लेगसी की यूईएफआय, ही बदलली तर विंडोज उघडत नाही आणि ग्राहकाला वाटतं डिस्कच गेली! ओव्हरक्लॉक केलं असेल, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवत असाल, तर ते आधी काढा.

बोर्डात सोय असेल तर अपडेट विंडोजमधून न करता बायॉसमधूनच करावा. असूसमध्ये ईझेड फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि मागच्या पोर्टला लावा. पीसी यूपीएसवर हवा, तोही बॅटरी शाबूत असलेला. लॅपटॉपची बॅटरी चार्ज असावी आणि चार्जरही लावलेला असावा. मध्येच पडदा काळा होईल, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. पॉवरच्या बटणाला हात लावू नका, चहा घेऊन या.

तरीही मशीन मेलंच तर? काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते, काहींच्या मागे पेन ड्राइव्हवरून बायॉस पुन्हा टाकणारं फ्लॅशबॅकचं बटण असतं. दोन्ही नसेल तर चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमर नावाच्या बाहेरच्या यंत्राने फाइल लिहावी लागते. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, चुकीचा व्होल्टेज दिला तर चिप जळू शकते, म्हणून घरी प्रयोग नको.

मशीन आमच्याकडे आणणार असाल तर सेटिंगचे फोटो, बिटलॉकरची की आणि लॅपटॉप असल्यास त्याचा मूळ चार्जर सोबत आणा. शेवटी कोणती फाइल टाकली होती, तेही सांगा.