‘ते दवाखान्यात येतच नाहीत’

पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत हा समज पक्का आहे: तृतीयपंथीयांना डॉक्टर नकोच असतो. खोटं. ताप, मधुमेह, रक्तदाब त्यांनाही होतो. पाय अडतो तो केसपेपरच्या खिडकीशी. आधारवरचं पुरुषाचं नाव मोठ्यानं पुकारलं, की रांगेतल्या माना वळतात आणि साडीतली बाई औषध न घेताच रिक्षा पकडते. पुढच्या वेळी येते तेव्हा जखम चिघळलेली असते. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झालेल्या २०१९ च्या कायद्यानं आरोग्यसेवेतल्या भेदभावाला मनाई आहे. (आणि तृतीयपंथी असणं हा मनोविकारही नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ते मनोविकारांच्या यादीत नाही.) पण कायदा खिडकीत बसत नाही. ‘ताई, कोणत्या नावानं हाक मारू?’ एवढं विचारणारी सिस्टर भेटली, तर तीच बाई साखर तपासायला दर महिन्याला येते. सोबत आणखी दोघींना घेऊन.